पाईप दिसता कामा नये

बारामतीहून इंदापूरला जाताना मी घरांची तोंडं बघत नाही, पाठी बघतो. नवा बंगला दिसला की लोक गाडी हळू करतात आणि त्याची गॅलरी, गेट, गेटावरचे सिमेंटचे सिंह न्याहाळतात. मी गाडी थोडी पुढं नेतो आणि मान वळवून मागची भिंत बघतो. बायको म्हणते, "लोकांच्या न्हाणीघराकडं काय बघत बसता? मार खाल एक दिवस." तिचं म्हणणं खरं आहे. पण ही खोड मला बिरूतात्यांनी लावली, आणि तात्यांनी लावलेली गोष्ट सहसा निघत नसे. मग तो नळ असो नाहीतर खोड.

बारामतीत माझं पाईप आणि नळांचं दुकान आहे. प्लंबर लोकांची माझ्याकडं कायम ये-जा. त्यातले बहुतेक जण काउंटरवर चिठ्ठी टाकतात, माल रिक्षात भरतात आणि जातात. तात्या आले की दुकानात नाटक सुरू व्हायचं. पायजमा, सदरा, डोक्यावर टोपी, खांद्याला कॅनव्हासची पिशवी आणि पिशवीतून बाहेर डोकावणारी करवत. वय साठीच्या पुढं, पण किती पुढं ते कुणाला ठाऊक नव्हतं, त्यांना स्वतःलाही नव्हतं. ते पायरीवर चपला काढायचे. हार्डवेअरच्या दुकानात चपला काढून येणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

मग पाईप निवडणं. तात्या एकेक पाईप उचलायचे, एक डोळा मिटायचे आणि दुसरा पाईपच्या तोंडाला लावून आरपार बघायचे. समोर जो कुणी उभा असेल त्याच्यावर ती दुर्बीण रोखली जायची. एकदा एक बाई घाबरून मागं सरकल्या. तात्या पाईप खाली न घेता म्हणाले, "तुमाला न्हाय बघत, बाई. पाण्याला पुढं काय दिसंल ते बघतोय."

दहातले चार पाईप नापास व्हायचे.

"तात्या, कंपनीचा माल आहे," मी म्हणायचो.

"मंग कंपनीच्या घरात लावा."

तात्यांचे वडील मेंढरं राखायचे. दिवाळीनंतर कळप घेऊन घाट उतरायचे, पावसाच्या तोंडावर परत यायचे. तात्याही पोरवयात दोन-तीन वर्षं त्या कळपामागं चालले. पुढं कळप विकला गेला, घरात थोडी शेती आली, थोडा ऊस आला, आणि तात्या कुणा मिस्त्रीच्या हाताखाली पाईप कापायला लागले. पण डोक्यातली मेंढरं काही गेली नाहीत. त्यांचं सगळं शास्त्र मेंढरांवर उभं होतं.

"शेट, पाणी म्हंजी मेंढरू. पुढचं जाईल तिकडं मागचं. दार बारीक केलं की चेंगरतंय. आन् काटकोनात मेंढरू वळत न्हाय, थबकतंय. एक थबकलं की मागची पन्नास एकमेकाच्या अंगावर. म्हणून सांडपाण्याला सरळ एल्बो मारू नये. दोन तिरकी वळणं द्यावी, कळप लांबनं फिरवून आणावा."

हेच मला एकदा पुण्याहून आलेल्या इंजिनिअरनं अर्धा तास आकडे मांडून समजावलं होतं. मला काही कळलं नव्हतं. मेंढरं म्हटल्यावर लगेच कळलं.

मात्र तात्यांचं खरं वैशिष्ट्य पाईपात नव्हतं. घर बांधायला निघालेला माणूस त्यांच्याकडं आला की ते बाथरूम किती, नळ किती, टाकी केवढी, यातलं काहीच विचारत नसत. त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "सकाळी घरात आदी कोण उठतंय?" आणि त्यानंतर ते असं काही करायला लावायचे की माणसाला वाटावं, याच्यापेक्षा दुसरा प्लंबर बरा.

माळेगावच्या एका बागायतदाराचा किस्सा मी डोळ्यांनी पाहिला आहे, कारण माल मीच पोचवायला गेलो होतो. घर अजून जमिनीवर होतं, म्हणजे चुन्याच्या फक्कीनं आखलेलं. पांढऱ्या रेघांत हॉल, पांढऱ्या रेघांत किचन, तीन खोल्या, दोन न्हाणीघरं. तात्यांनी सगळं कुटुंब बोलावून घेतलं: बागायतदार, त्यांच्या मातोश्री, पत्नी, मुलगा, नवी सून.

"आता असं समजा, सकाळचे सा वाजल्यात," तात्या म्हणाले. "आपापल्या जागी निजा. मी कोंबडा झालो की उठा आन् रोजच्यावानी करा."

बागायतदार कारखान्याचे जुने सभासद, चारचौघात मान असलेले. ते म्हणाले, "तात्या, जमिनीवर निजू व्हय मी? लोकं बघत्यात."

"लोकान्ला भिंत दिसतीया. तुमालाच दिसंना व्हय?"

शेवटी सगळी निजली, म्हणजे आपापल्या चौकोनात उकिडवी बसली. तात्यांनी खरोखर कोंबड्यासारखी बांग दिली, आणि भर दुपारी उघड्या माळावर त्या कुटुंबाची सकाळ सुरू झाली. मातोश्री उठून देवघराच्या चौकोनात गेल्या. मुलगा न्हाणीघराच्या रेघेपाशी खोळंबून उभा राहिला, कारण आत वडील होते. तात्या हातात विटेचा तुकडा घेऊन मागोमाग फिरत होते, जिथं कुणी थांबेल तिथं खूण करत होते. आणि मग किचनच्या चौकोनात सासू-सून समोरासमोर आल्या. सासूला चहाची भांडी घासायची होती, सुनेला भाजी धुवायची होती. सिंक एकच, तेही अजून नव्हतं.

"मी आदी आले," सासू म्हणाली.

"आत्याबाई, डब्याची घाई असती मला."

"माज्या वक्ताला न्हवती कुणाला घाई?"

आणि भांडण लागलं! भिंत नाही, छप्पर नाही, नळ नाही, आणि त्या नसलेल्या नळावरून दोघी खऱ्याखुऱ्या भांडल्या. सून रुसून बेडरूमच्या चौकोनात जाऊन बसली. जाताना तिनं नसलेलं दार आपटलं. बागायतदारांनी डोक्याला हात लावला. तात्या मात्र खूश. विटेच्या तुकड्यानं त्यांनी जमिनीवर दोन फुल्या मारल्या.

"हितं एक शिंक, आन् तिकडं मागच्या वट्यावर दुसरं. मालक, भिंत उभी र्‍हायल्यावर हे कळलं असतं तर फरशी फोडावी लागली असती. आता नुसती फक्की पुसली."

ते घर आजही आहे. दोन सिंकचं. सासू-सून भांडतात की नाही ठाऊक नाही, पण निदान पाण्यावरून भांडत नाहीत.

तात्यांचा एक दंडक होता. पाईप भिंतीच्या बाहेरून, उघडा न्यायचा. भिंतीत झिरी पाडून, आत पाईप घालून, वरून प्लास्टर करायचं, ज्याला सगळे 'कन्सील' म्हणतात, ते काम तात्या घेत नसत. गिऱ्हाईक कितीही मोठं असो. कुणी आग्रह केला की म्हणायचे, "पाणी पुरायचं न्हाय." बस्स, पुढं चर्चा नाही.

हा दंडक कुठून आला ते त्यांनी मला एकदा सांगितलं. बावड्याला एक घर होतं. तरुणपणी तात्यांनी तिथं कन्सील काम केलं होतं, अगदी झोकात. घरातले वडील, ज्यांना सगळे आबा म्हणत, काही वर्षांनी वारले. थोरल्यानं आबांचा मोठा फोटो करून आणला आणि सोप्याच्या भिंतीवर खिळा ठोकून टांगला. चंदनाचा हार घातला. वर्षभरात दोघा भावांचं बिनसलं. वाटणी ठरली. सोप्याच्या मधोमध भिंत घालायची ठरली. विटासुद्धा येऊन पडल्या.

आणि एके सकाळी आबांच्या फोटोतून पाणी आलं.

फ्रेमच्या खालच्या कडेवरून थेंब, मग भिंतीवर ओघळ. थोरल्या सुनेनं पाहिलं आणि ती ओरडली, "आबा रडाय लागलं!" तासाभरात अर्धा बावडा दारात. कुणी नारळ फोडला, कुणी खाली तांब्या ठेवला. दोघे भाऊ फोटोसमोर मान खाली घालून उभे. विटा परत पाठवल्या.

चौथ्या दिवशी तात्यांना बोलावणं आलं. पण फोटोसाठी नाही. "मोटर तासभर चालती, टाकी काय भरंना," एवढंच काम होतं. तात्यांनी टाकी बघितली, मोटर बघितली, आणि सोप्यात आल्यावर आबांकडं बघितलं. टाकीकडं जाणारा पाईप त्याच भिंतीतून गेला होता, आणि तो कुठून गेलाय हे जगात एकट्या तात्यांना आठवत होतं. खिळा बरोबर त्यात बसला होता. बसला तेव्हा घट्ट होता, गंजल्यावर झिरपू लागला. मोटर लागली की आबांना भरून यायचं, मोटर बंद झाली की डोळे कोरडे. लाईट नसेल त्या दिवशी आबा दिवसभर समाधानी असायचे. हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"आन् थोरल्या सुनेनं माज्या हातावर तीर्थ घातलं," तात्या म्हणाले.

"मग?"

"मंग काय? प्यालो. बोरचं व्हतं. मचूळ."

"तुम्ही सांगितलं नाही?"

तात्या पिशवीचा पट्टा सारखा करत बसले. "दोघं भाऊ एका ताटात जेवत व्हते, शेट. काय सांगू? तुमचा बा रडत न्हाय, माजा पाईप रडतोय म्हणू?"

भिंतीच्या पलीकडं न्हाणीघर होतं. तात्यांनी "टाकीच्या लाइनीत हवा धरलीया" असं सांगून तिकडून भिंत फोडली, फुटका तुकडा कापला, नवा जोडला आणि दोन फरशा बदलल्या. आबा रडायचे थांबले. भावांची समजूत झाली की आपलं पटलं म्हणून थांबले. टाकी भरायला लागली. भाऊ अजून एकत्र आहेत म्हणे.

"म्हणजे चांगलंच झालं की," मी म्हणालो.

"झालं. पर मी खोटं बोललो न्हाय आन् खरं बी बोललो न्हाय. पाईप भिंतीच्या भाईर असता तर बोलायची येळच आली नसती."

हे कारण मी बरीच वर्षं मानत होतो. ते खरंही असेल. पण मी दुकानदार आहे; गिऱ्हाईक सांगतं त्या कारणामागं आणखी एक कारण असतं, हे मला धंद्यानं शिकवलंय. तात्यांचं दुसरं कारण मागच्या भिंतींवर होतं. त्यांनी बसवलेले पाईप बघण्यासारखे असत. टाकीपासून जमिनीपर्यंत ओळंब्यात उभे, क्लिपा एका मापावर, जोडाला सोल्युशनचा एक थेंब ओघळलेला नाही. तात्यांची मोपेड अशा एखाद्या भिंतीसमोरून जाताना आपोआप मंद व्हायची. मला मागं बसवून एकदा ते निमगावच्या फाट्याला चक्क थांबले आणि म्हणाले, "ते बघा. कसं उभं हाय. जसं काय झेंडावंदनाला." दहा वर्षांपूर्वीचं काम होतं. घरमालकानं खिडकीतून "कोण पायजे?" म्हणून विचारल्यावर आम्ही निघालो.

असा हा माणूस, आणि त्याच्यासमोर आमची आक्का येऊन उभी राहिली.

आक्का माझी थोरली बहीण. तिनं लग्न केलं नाही. इंदापूर तालुक्यातल्या शाळांमधून चौतीस वर्षं गणित शिकवलं, आणि प्रत्येक गावात सामाईक नळाच्या भाड्याच्या खोलीत राहिली. निवृत्त झाल्यावर तिनं इंदापुरात तीन गुंठे घेतले आणि घर काढलं. माल माझा, तेव्हा प्लंबर माझाच. मी तात्यांना घेऊन गेलो.

फक्की टाकलेली होतीच. तात्यांनी तिला रीतसर निजवलं, बांग दिली. आक्का उठली आणि झपाझप चालायला लागली. किचनमध्ये थांबली नाही, न्हाणीघरात थांबली नाही, थेट मागच्या कोपऱ्यात रेघेच्या बाहेर जाऊन उभी राहिली. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात नसलेली बादली. उभीच.

"बाई, हितं का थांबला?" तात्यांनी विचारलं.

"नंबर लावलाय," आक्का म्हणाली. आणि मग आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं.

मी हसलो. तात्या हसले नाहीत. ते म्हणाले, "ह्या घरात नंबर न्हाय, बाई. माघारी फिरा," आणि त्या जागी त्यांनी कसलीच खूण केली नाही.

इथवर सगळं गोडीत चाललं होतं. मग आक्कानं तिची एकमेव अट सांगितली.

"तात्या, एकही पाईप दिसता कामा नये. ना आत, ना बाहेर."

"तसलं काम मी करत न्हाय."

"का?"

"पाणी पुरायचं न्हाय."

"हे कारण झालं की म्हण झाली?" आक्का गणिताची बाई, तिला सिद्धता लागते. मग तीच सांगू लागली. "बावड्याच्या खोलीत माझ्या उशाशी पाईप होता. वरचे मास्तर पाचला आंघोळ करायचे, की त्यांची सगळी आंघोळ माझ्या डोक्यावरून जायची. भिगवणला दोन घरांचं सांडपाणी माझ्या खिडकीसमोरून. चौतीस वर्षं मी लोकांच्या मोऱ्या ऐकल्या आणि बघितल्या. आता स्वतःच्या पैशानं घर बांधतेय, तर तिथं मला फक्त भिंत बघायचीय. कोरी. बाकी काही मागितलंय का मी? सिंह मागितलेत का गेटावर?"

तात्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "दुसरा बघा, बाई," म्हणाले आणि मोपेडला किक मारली.

मी आक्काला दोन चांगले प्लंबर सुचवले. दोघेही कन्सील करायला एका पायावर तयार होते. आक्का म्हणाली, "नको. मी थांबले होते ती जागा त्यानं बघितली नि तिथं फुली मारली नाही. तोच पाहिजे मला." विटकाम पुरं झालं, स्लॅब टाकून झाला. प्लास्टरचा गवंडी घिरट्या घालायला लागला. वास्तुशांतीचा मुहूर्त काढलेला, पत्रिका छापायला टाकलेल्या. आक्का जागेवर खुर्ची टाकून बसायची आणि रस्त्याकडं बघायची.

तिसऱ्या महिन्यात मोपेड आली. तात्या उतरले ते थेट मुद्द्यावर.

"करतो. पर एक अट. पाईप कुठनं कुठं गेलाय ते तुमाला तोंडपाठ पायजे. वीत न् वीत. मी परीक्षा घेणार. पास झाल्याबिगर पलास्टर न्हाय."

"नकाशा काढून ठेवते की," आक्का म्हणाली.

"बावड्याला बी कागद व्हता. कागद पेटीत, पाईप भिंतीत, आन् खिळा हातात. खिळा ठोकताना कोण पेटी उघडतंय?"

"मोबाइलवर फोटो काढू," मी मध्ये बोललो.

"काढा. तुमी दर वर्साला मोबाइल बदलता, शेट. हात बदलत न्हाय कुणी."

तात्यांनी आठ दिवस काम केलं. नळाचा पाईप आडवा आणि उभा, एवढ्या दोनच दिशा. तिरका पाईप एकही नाही. "तिरकी लाइन म्हंजी चोराची वाट, कुणाला सापडायची न्हाय," म्हणाले. सगळी लाइन हातपंपानं दाबून पाण्यानं भरली, एक दिवस तशीच ठेवली, दाबाचा काटा हलला नाही. मग त्यांनी आक्काकडं तिच्या जुन्या साड्या मागितल्या आणि सगळ्या भिंतींवर पडद्यासारख्या लावून झिऱ्या झाकून टाकल्या. घर एखाद्या धोब्याच्या अंगणासारखं दिसायला लागलं.

"घ्या खडू," तात्या म्हणाले.

चौतीस वर्षं जो खडू तिनं दुसऱ्यांवर चालवला, तो हातात घेताना आक्काचा हात पहिल्यांदाच अवघडलेला मी पाहिला. ती साड्यांवर रेघा मारत गेली. तात्या मागोमाग एकेक साडी उचलून आत बघत गेले. गवंडी, त्याची माणसं आणि मी असा प्रेक्षकवर्ग रिकाम्या घमेल्यांवर बसलेला.

"नापास," तात्या म्हणाले. "नऊ ठिकाणी चुकलाय."

"किती जागा होत्या एकूण?"

"ते कशाला? नऊ ठिकाणी भोक पडलं की हो."

"अर्धे गुण तरी द्या."

"पाण्यात अर्धं नसतंय."

गवंडी हळूच मला म्हणाला, "माज्या पोरीला बाईनी एका मार्कानं नापास केलं व्हतं. आज बरं वाटलं."

आक्कानं ते ऐकलं. "तुझी पोरगी सातचा पाढा म्हणताना बोटं मोजायची," ती वळून म्हणाली आणि परत भिंतीकडं तोंड केलं. चार दिवस ती साड्या वर करून झिऱ्यांवरून हात फिरवत हिंडत होती, ओठ हलत होते. दुसऱ्या परीक्षेत एकच चूक झाली, किचनच्या गरम पाण्याच्या वळणाला. मला वाटलं, तात्या सोडून देतील. तात्या पिशवी उचलून चालते झाले. आक्कानं त्यांना थांबवलं नाही. मला म्हणाली, "मी असते तरी सोडलं नसतं." वास्तुशांतीला बारा दिवस राहिले होते, आणि पत्रिका वाटून झाल्या होत्या. गवंड्यानं सांगितलं, उद्या प्लास्टर धरलं तर रंग होईल, परवा धरलं तर पाहुणे ओल्या भिंतीला टेकतील.

दुसऱ्याच दिवशी सकाळी तात्या आले. आक्कानं खडू घेतला नाही. तिनं साड्यांवरून तळहात फिरवत नेला, एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर, न थांबता, आणि तोंडानं सांगत गेली. तात्यांनी एकही साडी उचलली नाही. ते नुसते ऐकत होते, डोळे मिटून. ती थांबल्यावर गवंड्याकडं बघून म्हणाले, "धर रं पलास्टर."

वास्तुशांतीच्या दिवशी मी तात्यांना शेवटचं पाहिलं. पुढं महिन्याभरातच ते गेले. बातमी मला दुकानात दुसऱ्याच कुणा प्लंबरकडून कळली, चिठ्ठीबरोबर.

त्या दिवशी मांडवात जेवणाची धांदल होती. तात्या धुतलेला पांढरा सदरा घालून आले आणि पुढच्या दारानं न येता मागं गेले. मी गेलो तर ते मागच्या भिंतीसमोर उभे. फिकट पिवळा रंग, कोरी भिंत. आक्काला हवी होती तशीच. एक क्लिप नाही, एक जोड नाही.

"कसं झालंय, तात्या?"

"चांगलं झालंय." मग टोपी सारखी करत, "शेट, ह्यात माजं काय दिसतंय का?"

माझ्याकडं एक चुरचुरीत उत्तर तयार होतं. ते मी दिलं नाही, हे मला आजही बरं वाटतं.

तेवढ्यात आक्का आली. मागं तिच्या शाळेतल्या सात-आठ बाया, नव्या घराची पाहणी करत. समोरचं सगळं बघून झालं होतं. आक्का भिंतीजवळ गेली, तळहात टेकवला आणि वर्गात बोलते तशा आवाजात सुरू झाली. "टाकीतून पाणी इथं उतरतं. इथून आडवं, खिडकीच्या वीतभर खालून. इथं दोन वाटा होतात..." हात पुढं सरकत होता. बाया कोऱ्या भिंतीकडं टक लावून बघत होत्या.

एकीनं विचारलं, "पण बाई, दिसत तर काहीच नाही?"

"म्हणूनच दाखवतेय," आक्का म्हणाली.

"दोन बोटं डावीकडं, बाई," मागून तात्या म्हणाले.

आक्कानं मागं वळून पाहिलं नाही. हात दोन बोटं डावीकडं घेतला. मग तो खाली सोडला आणि बाजूला झाली. "तुम्हीच या पुढं," ती म्हणाली. "ज्याचं काम त्यानं सांगावं."

तात्या पुढं आले. त्यांनी उजवा तळहात सदऱ्याला पुसला, उलटा करून बघितला, पुन्हा पुसला. रंग नवा होता. डाग पडू नये म्हणून भिंतीला न टेकवता, बोटभर अंतर ठेवून, त्यांनी तो हात टाचा उंचावून जेवढा वर जाईल तेवढा वर नेला आणि सावकाश, ओळंब्यात, खाली आणला. सगळ्या बायांच्या माना त्या हाताबरोबर वरून खाली आल्या.